ताडोबा, डिसेंबर अखेर: अंगावर काय घालायचं, बॅगेत काय भरायचं?

शिरीषफूल

मंडळी, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ताडोब्याला निघालोय. मोहर्ली गेटची बुकिंगं हातात आहेत, कोअरमधल्या (जंगलाच्या गाभ्यातल्या) सकाळच्या आणि दुपारच्या, शिवाय एक बफरची (गाभ्याभोवतालच्या पट्ट्यातली). पुणे ते नागपूर रेल्वे, पुढे गाडी. आम्ही दोघं, सासूबाई (वय ७२, गुडघे कुरकुरतात), आठवीतली मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा.

वाघ कुठे दिसतो यावर इथे ढीगभर धागे आहेत. कपड्यांबद्दल मात्र जिथे बघावं तिथे एकच वाक्य: 'मातकट रंगाचे कपडे घाला.' काल एका मोठ्या दुकानात जाऊन आले. खाकी जॅकेट, जागोजागी खिसे असलेली पँट, गळ्यात दोरी असलेली टोपी, सगळ्यांचं मिळून बिल ऐकल्यावर नवरा म्हणाला, एवढ्यात आणखी एक सफारी होईल. म्हणून इथे विचारते.

१. थंडी खरंच किती असते? पुण्यातल्या स्वेटरवर भागेल का?
२. रंगाचं किती मनावर घ्यायचं? सासूबाईंची गरम शाल लालभडक आहे.
३. त्या साडीच नेसतात. जिप्सीत (सफारीच्या उघड्या गाडीत) जमेल?
४. धाकट्यासाठी वेगळं काय?
५. मोबाईलवर फोटो काढू देतात का? आमचा कॅमेरा साधाच आहे.

---

झाडीपट्टी_४४२

मी चंद्रपूरचा. बाहेरच्या लोकायले चंद्रपूर म्हटलं का फक्त उन्हाळा आठवते. मग डिसेंबरात येतात आन् कुडकुडून राहतात बाप्पा.

आता नीट लिहितो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा ८-१० अंशांपर्यंत उतरतो. आकडा ऐकून पुणेकर म्हणतील, आमच्याकडेही तेवढाच असतो. पण तुम्ही पुण्यात पहाटे साडेपाचला टप नसलेल्या, काचा नसलेल्या गाडीत बसून फिरत नाही ना जी. आणि खरी थंडी जंगलात लागतच नाही. लागते ती हॉटेलपासून गेटपर्यंत. तो डांबरी रस्ता असतो, ड्रायव्हरला गेटवर नंबर लावायचा असतो, तो जिप्सी दामटतो, आणि इरई धरणाच्या बाजूने येणारं वारं सरळ कानात शिरतं. आत गेल्यावर गाडी हळूहळूच चालते, तिथे निभतं.

म्हणून सगळे गरम कपडे खोलीतूनच चढवून निघा. 'गेटवर गेल्यावर घालू' म्हणणारा गेटवर पोचेपर्यंत गारठलेला असतो. कानटोपी, मोजे, हातमोजे आणि मांडीवर घ्यायला पांघरूण. काही हॉटेलवाले ब्लँकेट देतात, काही नाही देत. आदल्या रात्री विचारून ठेवा. आपली सोलापुरी चादर असली तर त्यापेक्षा चांगलं काही नाही.

दुकानातलं खाकी जॅकेट ठेवा तिथेच.

---

उनाडखार

वरच्या प्रतिसादाला जोडून. डिसेंबरात अडचण एकट्या थंडीची नसते, साडेपाचला ९ अंश आणि दहा वाजता कडक ऊन ही खरी अडचण असते. दुपारी पारा २८-३० पर्यंत जातो. एकच जाडजूड जॅकेट घातलं तर ते आठला काढावं लागतं आणि मग आत नुसता टी-शर्ट.

एकावर एक असं घाला: आत सुती पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, त्यावर पातळ स्वेटर किंवा बंडी, त्यावर वारं अडवणारं काहीतरी. पावसाळी पातळ जर्किनसुद्धा चालतं, फक्त ते सळसळणारं नसावं. जसजसं ऊन चढेल तसतसं एकेक उतरवायचं. उतरवलेलं कोंबायला एक कापडी पिशवी जवळ ठेवा. सीटवर नुसतं ठेवलेलं खड्ड्यात उडून पडतं, आणि जंगलात खाली उतरून उचलता येत नाही.

दुपारच्या सफारीला लोक हमखास फसतात. अडीचला निघताना घाम येत असतो, म्हणून स्वेटर खोलीवरच राहतो. त्या दिवसांत पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि परतीच्या वाटेवर दात वाजायला लागतात. दुपारीसुद्धा एक गरम कपडा जवळ हवाच.

---

दुर्बिणवाला

रंगाबद्दल. यात अर्धं शास्त्र आहे, अर्धी अफवा.

वाघाच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी दोनच प्रकारच्या असतात, आपल्या तीन. लाल आणि हिरव्यातला फरक त्याला आपल्यासारखा कळत नाही. चितळ-सांबरांचंही तेच. म्हणून तर एवढा भगवा-केशरी प्राणी हिरव्या गवतात दबून बसला की चितळाला दिसत नाही. चितळाच्या डोळ्याला तो हिरवटच असतो. तेव्हा आजींची लाल शाल बघून वाघ पळेल वगैरे काही नाही.

पण वानर आपल्यासारखंच तिन्ही रंग बघतं, आणि पक्षी तर आपल्याहून जास्त रंग बघतात. नवरंग, नीलपंख, सर्पगरुड असलं काही जवळून बघायचं असेल तर भडक रंग आडवा येतो. पांढरा मात्र सगळ्यांनाच खटकतो. तो उजेड फेकतो, सावलीतसुद्धा चमकतो. पांढरं आणि चकचकीत टाळा, बाकी फार डोकं लावू नका.

---

काकडआरती

दुर्बिणवाला, शास्त्र मान्य, निष्कर्ष नाही. तुमच्याच हिशेबाने रंगाने फरक पडत नसेल, तर मग वनखातं आणि सगळे गाइड साधे रंग घाला म्हणून इतकी वर्षं उगाच सांगतात का? नियम पाळायला काय जातं? घरात एखादं करडं, तपकिरी, शेवाळी काहीतरी असतंच प्रत्येकाकडे. जंगल त्यांचं आहे, आपण पाहुणे. पाहुण्याने भडक येऊ नये, एवढं साधं आहे.

---

दुर्बिणवाला

नियम पाळू नका असं कुठे म्हटलंय? दुकानात जाऊन नवं खाकी घेण्याएवढं ते महत्त्वाचं नाही, इतकंच म्हणणं आहे. जिप्सी स्वतःच बैलगाडीपेक्षा मोठी वस्तू आहे, घरघरते, पेट्रोलचा वास सोडते. ताडोब्यातले वाघ लहानपणापासून ती बघत मोठे झालेत. त्यांच्या लेखी जिप्सी आणि आतली माणसं हा एकच प्राणी. तो प्राणी मध्येच उभा राहून हात हलवायला लागला की त्यांना वेगळं वाटतं. रंगापेक्षा हालचाल आणि आवाज जड.

---

झाडीपट्टी_४४२

दुर्बिणवाल्या भाऊचं बरोबर आहे. आवाजाचं कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो.

ताडोब्यात वाघ डोळ्याने कमी, कानाने जास्त शोधतात. जामनीच्या कुरणाजवळ किंवा पांढरपौनीच्या पाण्यावर गाडी थांबते, ड्रायव्हर इंजिन बंद करतो आणि गाइड बोट ओठांवर ठेवतो. तो कॉल, म्हणजे जनावरांची धोक्याची हाक, ऐकत असतो. चितळ बिबट्यालाही ओरडते, रानकुत्र्यालाही ओरडते, कधी उगाचही ओरडते. सांबराचा 'ढँक' असा आवाज आला की समजायचं वाघ चालतो आहे. तो आवाज कधी कधी अर्धा किलोमीटर लांबून, नाल्याच्या पलीकडून येतो. अन् नेमकं त्याच क्षणी मागच्या सीटवर कोणीतरी जॅकेटचा चिकटपट्टीवाला खिसा फर्रकन उघडते, नाहीतर वेफर्सचं पाकीट. गाइडचं तोंड पाहा तेव्हा.

म्हणून: सळसळणारं जॅकेट नको, पैंजण नको, बांगड्या कमी, कॅमेऱ्याची टिकटिक आणि पिपिप् बंद. खायचं असेल ते पाकिटातून काढून डब्यात घ्या. आणि अत्तर, सेंट काही मारू नका. वाघासाठी नाही, जंगलात झाडांवर आग्यामोहोळ असतात त्यासाठी.

---

पैठणी_आणि_पायवाट

बायकांच्या प्रश्नांवर बायकांनीच लिहिलेलं बरं.

साडी: जमते. आमच्याबरोबरच्या काकू सगळी सफारी सुती नऊवारीत बसल्या होत्या. पण जिप्सीत चढायला पाय गुडघ्याच्या वर उचलावा लागतो, पाचवारीत ते अवघड. काही गेटांवर चढायला शिडी किंवा चौथरा असतो, सगळीकडे नसतो. हॉटेलातून निघताना तर नाहीच. एक छोटं प्लास्टिकचं स्टूल गाडीत टाकून घ्या किंवा सासूबाईंना सलवार-कुर्त्यासाठी पटवा. साडीच असेल तर सुती, पदर खोचलेला, आत गरम लेगिंग. सिल्क आणि सिंथेटिक उडतं.

केस: वेणी. मोकळे केस आणि ताडोब्याच्या रस्त्यावरचा लाल मुरूम यांचं लग्न एकदा लागलं की सोडवायला दोन धुणी लागतात. डोक्याला-तोंडाला गुंडाळायला सुती ओढणी हवी, ती थंडीत कानाला, उन्हात डोक्याला, धुळीत नाकाला, सगळीकडे उपयोगी पडते.

हे कोणी लिहीत नाही पण मी लिहिते: आत रस्ते कच्चे आहेत आणि चार तास गचके बसतात. मुलींनी, बायकांनी खेळाची घट्ट अंतर्वस्त्रं घालावीत. तारेची तर अजिबात नको. पाळी येण्याचे दिवस असतील तर पॅड आणि गुंडाळायला कागदी पिशवी जवळच्या पर्समध्ये ठेवा, हॉटेलच्या खोलीत नाही.

स्वच्छतागृह: गेटवर आहे. आत ठरावीक ठिकाणीच उतरू देतात, तिथेही सोय असते, पण ती जागा कधी येईल हे तुमच्या हातात नाही. समोर वाघ बसलेला असेल तर गाइड गाडी हलवणार नाही. पहाटेचा चहा अर्धा कपच घ्या, आणि सासूबाईंना व मुलाला गेटवर न चुकता नेऊन आणा, 'नाही लागली' म्हणाले तरी.

---

हाडवैद्य

७२ वर्षं आणि गुडघे वाचून लिहितोय, पेशाने फिजिओ आहे.

सगळ्यात महत्त्वाचं सामान म्हणजे जागा. जिप्सीत ड्रायव्हरच्या मागे दोन रांगा असतात. मागची रांग उंच, तिथून दिसतं छान, पण ती मागच्या चाकांवर येते आणि तिथे बसणारा प्रत्येक खड्ड्यात उडतो. आजींना पुढच्या रांगेत, कडेला, पकडायला दांडा असेल तिथे बसवा. पाठीला आधार म्हणून छोटी उशी आणि बसायला एक जाडसर घडी. कंबरपट्टा वापरत असतील तर घालूनच बसायचं, 'दुखलं तर लावू' असं नाही. गुडघ्याचे गरम मोजेसुद्धा. थंडीत चार तास गुडघे वाकवून बसल्यावर उतरताना पाय आखडतात, तेव्हा उतरण्याआधी बसल्या जागी दहा-वीस वेळा घोटे फिरवायचे, मग उतरायचं.

रक्तदाबाची गोळी सकाळची असेल तर सफारीआधी घ्यायची का नंतर, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारून जा. लघवी जास्त होणारी गोळी असेल तर हा प्रश्न फार महत्त्वाचा ठरतो. रबरी गरम पाण्याची पिशवी कुशीत द्या, तासभर मस्त टिकते.

मुलासाठी: गाडी लागत असेल तर त्याच्या डॉक्टरांकडून गोळी विचारून घ्या. आणि त्याला मध्ये बसवा, कडेला नाही. मध्ये बसवलं की त्याला दिसत नाही म्हणून तो उभा राहतो, हे गृहीत धरून बाजूला बसणाऱ्याने त्याचा पट्टा पकडायचा. पँटला मजबूत पट्टा असू दे, तोच हँडल.

---

शिरीषफूल

बाप रे, इतकं भरभरून! सगळ्यांना मनापासून धन्यवाद. पट्ट्याची कल्पना लगेच अमलात आणली, काल बाजारातून आणला.

मोबाईलचं कोणी लिहिलं नाही पण. आणि टोपी कुठली? नवऱ्याला ती काऊबॉय टाइप रुंद काठाची हवी आहे.

---

उनाडखार

रुंद काठाची टोपी चालत्या जिप्सीत दोनदा डोक्यावरून जाते. पहिल्यांदा तुम्ही पकडता. दुसऱ्यांदा ती मागच्या जिप्सीखाली येते. हनुवटीखाली दोरी असेल तरच घ्या, नाहीतर घट्ट बसणारी साधी क्रिकेटची टोपी. पहाटे तर कानटोपीच.

मोबाईल: ताडोब्याच्या कोअरमध्ये मोबाईल वापरायला बंदी आहे, आणि ती गांभीर्याने पाळतात. बंद करून बॅगेत ठेवायला लावतात किंवा जमा करून घेतात, गेटवर जे सांगतील ते ऐका. तेव्हा हातात घड्याळ बांधा, वेळ बघायची सवय मोबाईलला लागलेली असते. आणि मोबाईलवर सगळं ठेवायची सवयही. बुकिंगचा कागद छापून घ्या आणि बुकिंग करताना ज्या ओळखपत्राचा क्रमांक दिलाय तेच मूळ ओळखपत्र प्रत्येकाचं बरोबर ठेवा, मुलांचीसुद्धा. गेटवर झेरॉक्स दाखवून वाद घालणारे रोज दिसतात.

---

काकडआरती

मोबाईलबंदीवर इथे नेहमी कुरकुर होते म्हणून आधीच लिहितो. ३१ डिसेंबर २०२४ ला नागपूरजवळच्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना जिप्सींनी दोन्ही बाजूंनी कोंडलं होतं. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेल. चालक-गाइड निलंबित झाले, दंड झाला, नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. मोबाईलमुळेच 'इकडे आहे, ये' असे निरोप जातात आणि वीस गाड्या गोळा होतात. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधल्या पर्यटनात मोबाईल नको असं सांगितलं.

साधा कॅमेरा आहे ना, पुरे झालं. मुलीच्या हातात कॅमेरा आणि मुलाच्या हातात दुर्बीण द्या, ते मोबाईल मागणारही नाहीत.

---

दुर्बिणवाला

माझं नाव घेतलंत तर लिहायलाच हवं. ८ × ४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण घ्या. १२ पटीच्या वरची हातात थरथरते, चालत्या गाडीत तर नुसती डोकेदुखी. पहाटेच्या अंधुक उजेडात तो ४२ चा आकडाच कामाला येतो. सहा वर्षांच्या मुलाला हलकी ८ × २१ सुद्धा चालेल. विकत घेऊ नका, कुणाकडून तरी मागून न्या.

कॅमेऱ्यासाठी दोन गोष्टी. एक, धूळ. समोरची जिप्सी गेली की पाच मिनिटं लाल पडदा उभा असतो. कॅमेरा सतत उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवायचा, काढायचा तेव्हाच काढायचा. लेन्स बदलता येणारा कॅमेरा असेल तर आत असताना लेन्स बदलूच नका. दोन, टेकू. तिपाई जिप्सीत निरुपयोगी. रिकामी शिवलेली कापडी पिशवी न्या आणि तिथे गेल्यावर किलोभर तांदूळ घेऊन भरा. दांड्यावर पिशवी, पिशवीवर कॅमेरा. निघताना तांदूळ हॉटेलच्या मावशींना देऊन या. मोठ्या लेन्सचं शुल्क वेगळं असतं, साध्या कॅमेऱ्याला त्याची चिंता नाही.

---

नैरोबीकर_प

इथे अवांतर करतोय, पण याच धाग्यावर कुणीतरी पुढे 'मसाई माराला काय घालू' विचारणार हे नक्की, त्यामुळे आधीच.

भारतातून येणारे सगळे आफ्रिका म्हणजे ऊन समजून येतात. केनियातलं हे मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर आहे, आणि विल्डबीस्टचं स्थलांतर बघायला लोक येतात ते जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान. जुलै-ऑगस्टमध्ये पहाटे चांगलीच थंडी. तेव्हा तिथेही ताडोब्याचाच थरांचा हिशेब लागू, फक्त गाड्यांना उघडणारं छत आणि काचा असतात म्हणून वारं कमी.

फरक आहे तो रंगांचा आणि बॅगांचा. त्से-त्से माशी गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडे जाते, म्हणून जीन्स नको. विशेषतः टांझानियाच्या बाजूला, तारंगिरे, सेरेंगेटीच्या झाडीत. ती जाड कापडातूनही चावते. सैनिकी छाप्याचे कपडे केनियात नागरिकांना घालायला मनाई आहे, त्यामुळे हौसेने घेतलेली ती पँट घरीच ठेवा. केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. आपल्याकडे प्रत्येक चप्पल-जोड वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत भरायची सवय, ती सोडा, जुन्या उशांचे अभ्रे न्या. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून माराला छोट्या विमानाने जाणार असाल तर सामान साधारण १५ किलो, तेही मऊ बॅगेत. चाकांची कडक सूटकेस ते घेत नाहीत.

पीतज्वराची लस निघण्याआधी किमान १० दिवस घ्या आणि लस घेतल्याच्या दाखल्याचं ते पिवळं पुस्तक पासपोर्टाबरोबर ठेवा. परत भारतात उतरताना ते बघतात.

---

मोगरा_मे

आम्ही चाललोय मे महिन्यात. सगळे म्हणतात वेडे आहात. डिसेंबरवाल्यांचं झालं असेल तर आमच्याकडेही बघा.

---

झाडीपट्टी_४४२

वेडे नाही जी. वाघ पाहायचा तर मे चांगला. बाकीचे पाणवठे आटतात, जे उरतात तिथे सगळे येतात. वाघ तर कंबरेपर्यंत पाण्यात बसून राहते. पण तुमचे हाल होतील हे खरं. पारा ४५ च्या वर जातो, कधी ४७.

सुती, सैल, पूर्ण बाह्यांचे, फिक्या मातकट रंगाचे. अर्ध्या बाह्या घालून हवेशीर वाटेल असं वाटते, नाही वाटत, भाजते. आमच्याकडे प्रत्येकाच्या डोक्यावर सुती दुपट्टा असते, तो ओला करून कानावरून, मानेवरून गुंडाळायचा. दर अर्ध्या तासाने परत ओला. टोपीने मान झाकत नाही, दुपट्ट्याने झाकते. नागपूर, चंद्रपूर, कुठेही बाजारात मिळते.

पाणी माणशी दोन लिटरच्या खाली नको, स्टीलच्या बाटलीत. प्लास्टिक आत चालत नाही. एका बाटलीत ओआरएस, एकीत साधं. सकाळी निघण्याआधी कैरीचं पन्हं. खिशात कांदा ठेवणारेही आहेत आमच्याकडे. ठेवा, नुकसान काही नाही, पण पन्ह्याच्या जागी कांदा नको.

अन् एक छोटा नॅपकिन हाताशी ठेवा. दुपारी अडीच-तीनला उन्हात उभ्या असलेल्या जिप्सीचा लोखंडी दांडा धरून पाहा, हात सोडून द्यावा लागते. गाडी हलली की दांडा धरावाच लागते. नॅपकिन दांड्यावर टाकायचा, मग धरायचं. काळा कॅमेराही तसाच तापते, त्याच्यावर ओला नाही, कोरडा पांढरा रुमाल. गाडी थांबली की काढून घ्यायचा.

---

पैठणी_आणि_पायवाट

मे साठी माझ्याकडून दोन ओळी. डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स घालत असाल तर त्या दिवसांत चष्माच वापरा, धूळ आत गेली की चार तास काही करता येत नाही. सनस्क्रीन पातळ, पाण्यासारखं घ्या. चिकट क्रीमवर मुरूम बसतो आणि सफारीवरून येताना प्रत्येकाचा चेहरा विटेच्या रंगाचा झालेला असतो. थंडीत मात्र उलट, ओठांना आणि नाकाच्या शेंड्याला भरपूर व्हॅसलीन.

आणि मेच्या शेवटी जाणार असाल तर एखादी वळवाची सर येऊ शकते. जिप्सीत छत्री उघडता येत नाही. घडीचा पावसाळी अंगरखा न्या, आणि कॅमेऱ्याला झाकायला अंघोळीची टोपी. हसू नका, उत्तम बसते.

---

शिरीषफूल

अंघोळीच्या टोपीची नोंद केली :) आणखी एकच विचारते. सकाळच्या सफारीला नाश्ता किती वाजता? धाकटा उठल्या उठल्या भूक-भूक करतो.

---

उनाडखार

नाश्ता परत आल्यावर, साडेदहा-अकराला. बरीच हॉटेलं डबा बांधून देतात, पण गाडीत खाऊ नका, ठरलेल्या थांब्यावरच. तिथे वानरं असतात आणि तुमच्यापेक्षा चपळ असतात, त्यामुळे डबा मांडीवर उघडा ठेवून गप्पा मारायच्या नाहीत. उठल्या उठल्या मुलाला दूध आणि केळं, बरोबर चिक्की किंवा शेंगदाण्याचा लाडू. उरलेलं, सालं, कागद सगळं परत पिशवीत.

आणि सुट्ट्या नोटा बरोबर ठेवा. गाइड-ड्रायव्हरला खुशाल बक्षीस द्या, पण वाघ दिसला म्हणून नाही, दिवस नीट दाखवला म्हणून. वाघ दिसल्यावरच पैसे मिळतात हे एकदा डोक्यात बसलं की गाड्या पळवायची चढाओढ लागते. मोहर्लीत आता काही बायकाही गाइड आहेत. आठवीतल्या मुलीला त्यांच्याशी बोलू दे, झाडं, पक्षी, पगमार्क (पावलांचे ठसे) असं काय काय सांगतात.

---

काकडआरती

शिरीषफूल, मंगळवार नाही ना बुकिंगमध्ये? कोअर मंगळवारी बंद असतं. बुकिंग मिळालंय म्हणजे नसणारच, पण परतीचं तिकीट त्या हिशेबाने बघा. मधला दिवस मंगळवार येत असेल तर बफरसाठी तो चांगला. आगरझरी, देवाडा, जुनोना मोहर्लीपासून जवळ.

---

शिरीषफूल

मंगळवारीच बफर आहे, देवाडा. हुश्श.

---

पाणकावळा_ठाणे

धागा वाचतोय. आम्ही जानेवारीत कान्ह्याला. हेच सगळं लागू का?

---

दुर्बिणवाला

हेच सगळं, पण आणखी एक थर वाढवून. कान्ह्याच्या कुरणांवर जानेवारीत पहाटे दव गोठून पांढरं दिसतं, ताडोब्यात तसं होत नाही. हातमोजे दोन जोड्या न्या: आत पातळ, वर जाड. जाड काढून पातळ्यावर कॅमेऱ्याचं बटण दाबता येतं, नाहीतर बोटं बाहेर काढावी लागतात आणि पाच मिनिटांत बधिर होतात. पायांत लोकरी मोजे आणि बंद बूट, चपला-फ्लोटर्स नकोत. आणि मध्य प्रदेशातल्या व्याघ्र प्रकल्पांत बुधवारी दुपारची सफारी नसते, बुकिंग त्याप्रमाणे बघा. गेट कुठलं आहे, किसली की मुक्की?

---

पाणकावळा_ठाणे

मुक्की. गोंदियावरून गाडी करतोय.

---

दुर्बिणवाला

मग बरं आहे. गोंदियाहून पहाटे अंधारात निघू नका, बालाघाटच्या पुढे जंगलातला रस्ता आहे आणि धुकं असतं. दुपारी उजेडात पोचा आणि जेवून लवकर झोपा. गरम कपडे सामानात सगळ्यात वर ठेवा, गाडीतून उतरल्या उतरल्या लागतील.